दोन घरं पलीकडची शिट्टी

४ नोव्हेंबर

आज गाडीचं तेल बदललं. बिल किरकोळ. खरा खर्च असा: वखारीतली अख्खी सकाळ, चांगल्या सदऱ्याची एक बाही, नगाऱ्याशी एक भांडण, आणि जावईबापूंना दिलेला एक शब्द, जो आता गिळता येणार नाही.

शब्दाचं असं झालं. लेक घाटापलीकडे राहते. नात तीन महिन्यांची झाली. आमची ही लेकीच्या बाळंतपणासाठी म्हणून गेली ती अजून तिकडेच. आता जावईबापू कामासाठी सहा महिने लांब जाणार, तेव्हा लेक आणि नात आमच्याकडे यायच्या. मी म्हटलं, मी येतो, तिघींना आपल्या गाडीने घेऊन जातो. फोनवर घसा खाकरल्याचा आवाज. मग जावईबापू म्हणाले, "बाबा, रागावू नका. गाडी खूप चाललीय. बाळाला घेऊन घाट उतरायचा म्हणजे... मी भाड्याची नवीन गाडी सांगतो."

जावई भला माणूस आहे. सासऱ्याच्या गाडीला नावं ठेवतानासुद्धा आवाज खाली घेतो. पण मला झोंबलं ते झोंबलंच. मी म्हणालो, "तुमची नवीन गाडी बोलत नाही, माझी बोलते. हिच्या टर्बोची शिट्टी मी पहिल्या दिवसापासून ओळखतो. तिच्यात केसाएवढा फरक पडला तरी माझ्या कानाला कळतो. मी आणतो म्हटलं म्हणजे आणतो."

मग तडक नगाऱ्याकडे. हा आमचा मेकॅनिक. खरं नाव त्याच्या आईला आठवत असेल तर असेल. हा हळू बोलला की रस्त्यावरचे लोक वळून बघतात. तेल बदलून झाल्यावर म्हणाला, "शेठ, एवढ्याने भागत नाही. गाडी तीन लाख किलोमीटरच्या घरात आली. टर्बोला तेल पोचवणारी नळी बारीक असते, आत काजळी धरते. ती बदलू. तोंडावरचा पाइप काढून आतलं चाक हलवून बघू. अर्धा दिवस द्या."

"चालत्या गाडीचं पोट कशाला फाडतोस? टर्बो बिघडायला लागला की आधी शिट्टी बदलते. हे तूच मला शिकवलंस ना?"

"शिकवलं. म्हणूनच म्हणतोय. मला जरा चढलेली वाटते."

"तुझ्या आवाजाने तुझेच कान गेलेत. माझे शाबूत आहेत."

त्याने फडक्याला हात पुसले. नगारा गप्प बसला ही बातमीच आहे, म्हणून लिहून ठेवतो.

७ नोव्हेंबर

हिच्याशिवाय घर म्हणजे रविवारची वखार. सगळं जागच्या जागी आणि आवाज कसलाच नाही.

सकाळी गाडी पुसताना घेतली तो दिवस आठवला. तोवर आमच्याकडे डिलिव्हरीची व्हॅनच होती. तिच्यातूनच लाकूड, तिच्यातूनच लग्नाची वऱ्हाडं, तिच्यातूनच लेकीचं वसतिगृहाचं सामान. शोरूममध्ये गेलो तर तिथल्या पोरसवद्या विक्रेत्याने माझ्या बुटांवरचा भुसा बघितला आणि स्वस्तातली गाडी दाखवायला निघाला. ही म्हणाली, "ती नको. ती कोपऱ्यातली." गाडी बिनटर्बोची की टर्बोची, तिला काय माहीत! तिला रंग आवडला होता.

विक्रेत्याने चक्कर मारायला नेलं. मी चालवतोय, ही बाजूच्या सीटवर. दुसऱ्या गिअरमध्ये जरा दाबली तर ही म्हणते, "दोन घरं पलीकडे कुणी कुकर लावलाय का हो?" विक्रेता हसायला लागला. म्हणाला, "काकू, तो टर्बो आहे." मग त्याने समजावलं. टर्बो म्हणजे एक पंखा. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर गरगर फिरतो आणि इंजिनातच जास्तीची हवा कोंबतो. म्हणून एवढंसं इंजिन चढावर हत्तीचं बळ दाखवतं. तो फिरतो तेव्हा बारीक शिट्टी होते.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो. दोन घरं पलीकडे कुकरची शिट्टी व्हावी आणि ती संपूच नये, तसा आहे माझ्या गाडीचा आवाज. ऐकणारा लगेच कान टवकारतो. वर्णन असं पाहिजे.

१२ नोव्हेंबर

मुलाने वखारीत नवीन फर्मान काढलं. आऱ्यावर उभं राहणाऱ्या प्रत्येकाने कानांवर ते वाटीसारखं झाकण लावायचं. सगळे कसे दिसतात! बहिऱ्यांची पलटण. मी म्हटलं, "अरे, आरा ऐकून चालवायचा असतो. सागाला लागला की आवाज बसका होतो, गाठीवर आला की कुरकुरतो. झाकणं लावून काय कळणार त्यांना?"

"बाबा, बोटांसकट कानही घरी न्यायचे असतात."

पोरगा बोलतो बरा. कुणावर गेलाय, सांगायला नको.

मी इथे सोळाव्या वर्षी भुसा झाडायला आलो आणि त्याच वर्षी मालकाने आऱ्यावर उभं केलं. दहा तास, कधी बारा. संध्याकाळी मशीन बंद झालं की कानात शांतता वाजायची. तेव्हा मागच्या ओंडक्यांच्या राशीत रातकिडे इतके ओरडायचे की मालक शिव्या घालायचा. आता नाहीत. कुठेच नाहीत. लाकडावर औषधं मारून मारून सगळे संपवले. मुलाला म्हटलं तर माझ्याकडे बघतच राहिला. त्याच्या पिढीने त्यांना ऐकलंच नसेल, त्याला काय वाटणार.

१३ नोव्हेंबर

जावईबापूंना दाखवून द्यायचं म्हणून कसर ठेवत नाही. पाणी बदललं. हवेची जाळी बदलली, जुनी बघून मलाच खोकला आला. ब्रेक नवे. पट्टे नवे, जुने अजून चालले असते तरी. जुन्या गाडीचं आणि जुन्या माणसाचं सारखंच असतं. दुखायच्या आधी दाखवायचं. दुखल्यावर दाखवलं तर डॉक्टर श्रीमंत होतो.

पट्ट्यावरून आठवलं. एकदा लेकीला वसतिगृहातून आणायला चाललो होतो. ही मला संत्र्याची फोड देता देता थांबली. म्हणाली, "बॉनेटमध्ये चिमणी शिरलीय की काय?" मी लगेच गाडी कडेला घेतली. पट्टा चिरलेला. अजून पाच-दहा मैल गेलो असतो तर तुटलाच असता. नगाऱ्याने तेव्हा मला सलामच ठोकला होता, "शेठ, धावत्या गाडीत ओळखलंत!" दुसऱ्या एका वेळी चाकाचं बेअरिंग. तेव्हा तर ही मला विचारत होती, "तुम्ही गुणगुणताय का?" आणि मी तेवढ्यात बेअरिंग पकडलं. गाडीच्या बाबतीत माझा कान असा एकदाही चुकला नाही.

नगाऱ्याने पुन्हा टर्बो उघडायचं टुमणं लावलं. मी म्हटलं, "सगळं केलं ना तुझ्या मनासारखं?"

"शेठ, सगळ्या घराला रंग दिलात आणि छप्पर तेवढं ठेवलंत."

याला कुठून सुचतं कुणास ठाऊक.

२१ नोव्हेंबर

तेलाची पट्टी बघितली. नवीन तेल घालून तीन आठवडेसुद्धा झाले नाहीत, पातळी थोडी खाली. गाडी उताराला उभी होती, म्हणून असेल. सकाळी सुरू केली तर मागून निळसर धूर. गारठा पडायला लागलाय.

आज दुपारी बँकेतून परत येताना एक गंमत ध्यानात आली. गाडी थांबवली, किल्ली फिरवली आणि उतरलो. मग उगीचच बाजूच्या सीटकडे बघितलं. हिची एक सवय आहे. गाडीत बसली की चपला काढून पाय वर घ्यायचे. गाडी थांबली की चपला सीटखाली कुठेतरी गेलेल्या. "थांबा हो, एकच सापडतेय." इंजिन चालूच, मी वैतागलेला, ही वाकून चाचपडतेय. नगारा म्हणायचा, काकूंमुळेच तुमचा टर्बो टिकला. लांबून पळून आलेली गाडी लगेच बंद करू नये. मिनिटभर तशीच चालू ठेवावी, म्हणजे टर्बो निवतो. बंद केली की तेल आतल्या आत थांबतं आणि तापलेल्या पंख्याला चिकटून जळतं.

आता चपला शोधायला कुणी नाही. पोचलो की लगेच किल्ली काढतो. वखारीत कामं पडलेली असतात. गेले पाच महिने गाडी कशी वेळच्या वेळी बंद होते!

२५ नोव्हेंबर

पोचलो. घाट एका दमात चढलो. गाडी अशी शांत की काय सांगू. शिट्टी तर नावालासुद्धा नाही. नवीन तेलाचा गुण. खिडकी उघडी ठेवून मुद्दाम कान देऊन बसलो होतो.

एका वळणावर जुनी बसायची जागा दिसली. दगडी कठडा, खाली दरी. लेक लहान होती तेव्हा तिथे थांबून आम्ही तिघं डबा खायचो. ती कठड्यावर उभी राहून दरीत ओरडायची आणि परत येणारा आवाज ऐकून टाळ्या वाजवायची. आज एकटाच उतरलो. ओरडावंसं वाटलं, पण मागे एक ट्रकवाला होता.

नात माझ्यासारखी आहे. ही म्हणते, "टक्कल आहे म्हणून का?" पाच महिन्यांनी भेट आणि पहिलं वाक्य हे.

जावईबापूंनी गाडीभोवती एक चक्कर मारली. टायर बघितले, नवे ब्रेक बघितले. म्हणाले, "बाबा, छान ठेवलीय हो." माझी छाती जरा पुढे आली असेल. मग त्यांनी मागे वाकून धुराच्या नळीत बोट फिरवलं आणि रुमालाला पुसलं. बोट काळं ओलसर होतं. त्यांनी रुमाल घडी करून खिशात टाकला. मी काही विचारलं नाही.

२७ नोव्हेंबर

आज निघायचं होतं. निघालो नाही. काय झालं ते नीट लिहितो.

मागे लेक, मांडीवर नात. पुढे माझ्याशेजारी ही, चपला काढून पाय वर. जावईबापू गल्लीच्या तोंडाशी उभे, हात हलवायच्या तयारीत. मी गाडी काढली. पहिला गिअर, दुसरा गिअर.

ही म्हणाली, "थांबा."

"काय विसरलीस?"

"थांबा म्हणते ना."

थांबलो. तिने चपला शोधल्या नाहीत. मला हे आत्ता लिहिताना आठवतंय, तेव्हा लक्षात आलं नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "ही ती शिट्टी नव्हे. ही किंचाळी आहे."

मागून लेक म्हणाली, "बाबा, मला वाटलं अशीच असते तुमची गाडी. बाळ दचकलं बघा."

जावईबापू पळत आले. म्हणाले, "काय आवाज येतोय!" मी बॉनेट उघडलं, त्यांना ॲक्सिलरेटर दाबायला सांगितलं आणि वाकून कान लावला. लेकीने नातीच्या कानांवर हात ठेवले. जावईबापूंचा चेहरा आंबट झाला. शेजारच्या घराची खिडकी उघडली.

इंजिनाची धडधड, पंख्याची घरघर, सगळं मला स्पष्ट ऐकू येत होतं. त्याच्याशिवाय काही नव्हतं.

"येतोय ना?" जावईबापूंनी विचारलं.

"हो. थोडा आहे."

असं म्हणालो मी.

नगाऱ्याला फोन लावला. त्याने सांगितलं, फोन बॉनेटजवळ धरा. जावईबापूंनी धरला. दोन सेकंदसुद्धा झाले नसतील. नगाऱ्याचा आवाज अख्ख्या गल्लीने ऐकला: "शेठ, किल्ली काढा! आधी किल्ली काढा!"

२८ नोव्हेंबर

नगारा पहाटेच्या बसने हत्यारांची पेटी घेऊन आला. तोंडावरचा पाइप काढला. आतून तेल टपकलं. त्याने चिमटीत धरून पंख्याचा आस हलवला. हलायला नको तो, लेकीच्या दुधाच्या दातासारखा हलत होता. पाती बाजूच्या भिंतीला घासून चमकत होती. तेलाची नळी कापून दाखवली. आत सुईला वाट मिळेल एवढंच भोक, बाकी काळी काजळी.

जावईबापूंनी विचारलं, "घाटात काय झालं असतं?"

नगाऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सांग."

"आस तुटला असता. मग इंजिन टर्बोतून आपलंच तेल प्यायला लागतं. डिझेलची गाडी आहे. तेलावर पळत सुटते. किल्ली काढली तरी थांबत नाही. चढावर झालं तर नशीब. उतारावर..." त्याने हात हवेत सोडून दिला.

मग मला म्हणाला, "शेठ, गाडी गरम गरम बंद करत होतात का? एवढी काजळी आपोआप धरत नाही."

ही दारात उभी होती. तिने एकदा स्वतःच्या पायांकडे बघितलं आणि आत निघून गेली.

जावईबापूंनी नगाऱ्याला चहा दिला, मलाही दिला. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. दुपारी मी नातीला घेऊन अंगणात बसलो होतो. तिचं सगळं वजन माझ्या हाताच्या पंजात मावतं. काल तिला घेऊन मी तो घाट उतरणार होतो, खिडकी उघडी ठेवून, कान देऊन.

२ डिसेंबर

नवीन टर्बो यायला वेळ आहे. ही सकाळी म्हणाली, "माझा कान दुखतोय. डॉक्टरकडे सोबत चला." गेलो. डॉक्टरीणबाईंनी हिचा कान बघितला, म्हणाल्या काही नाही. ही लगेच म्हणाली, "आलोच आहोत तर यांचेही बघून टाका." कानात काय, घशातसुद्धा काही दुखत नव्हतं हिच्या. मला फशी पाडलं.

काचेच्या खोलीत बसवलं. कानांवर झाकणं लावली, हुबेहूब मुलाने आणली तशी. आवाज आला की बटण दाबायचं. सुरुवातीला पटापट दाबत होतो. मग मशीन बंद पडलं असं वाटलं. बाहेर बघितलं तर बाई मशीनची बटणं फिरवतच होत्या आणि ही काचेपलीकडून माझ्या अंगठ्याकडे बघत होती.

बाईंनी कागद दाखवला. रेघ सरळ जाते आणि मग उतारावरून ओंडका सुटावा तशी खाली.

"काम काय करता?"

"लाकडाची वखार."

"आऱ्याजवळ उभे राहायचात?"

"आरा म्हणजे मीच."

"कानांवर काही घालायचात?"

"टोपी."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "जाड आवाज तुमचे चांगले आहेत, म्हणून बोलणं ऐकू येतं. वरचे बारीक आवाज गेलेत. छोटे पक्षी, रातकिडे, शिट्ट्या."

"रातकिडे आहेत अजून?"

"भरपूर आहेत," ही म्हणाली. "वखारीच्या मागे तर कान किटतात."

मी विचारलं, "कधी गेले हे? या पाच महिन्यांत?"

"छे. आऱ्यावरच्या माणसाचे हे आवाज पहिल्या दहा-पंधरा वर्षांतच जातात. नंतर फारसं जायला उरतच नाही."

परत येताना रिक्षात मी हिला म्हटलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"काय?"

"हेच."

"मला काय माहीत असणार? मी आपली बोलायचे, चिमणी आली, कुकर झाला. तुम्ही लगेच गाडी थांबवायचात. मला वाटायचं, माझ्या बोलण्याकडे लक्ष असतं यांचं."

मग ती रस्त्याकडे बघायला लागली. हसू दाबत होती की आणखी काही, कळलं नाही. तिचा चेहरा त्या बाजूला होता.

५ डिसेंबर

नगाऱ्याने नवीन टर्बो, नवीन नळी, सगळं बसवलं. मला कामाचा एक कागद लिहून दिला: तेल कधी, जाळी कधी, पाइप उघडून कधी बघायचं. खाली मोठ्या अक्षरात, "आवाजावर भरवसा नाही." मग तोच आमच्याबरोबर गाडीत बसून परत आला. मागे लेकीने नातीला घेतलं, पलीकडे नगारा अंग चोरून, तीन तास कुजबुजत. त्याची कुजबुज मला पुढे नीट ऐकू येत होती.

निघताना जावईबापूंनी स्वतः बाळाला आत ठेवलं, दार लावलं, आणि माझ्याकडे न येता हिच्या खिडकीशी गेले. म्हणाले, "आई, लक्ष असू द्या." मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. बरोबर माणसाला सांगत होते.

दुसऱ्या गिअरमध्ये जरा दाबली आणि मी हिच्याकडे बघितलं.

"आली," ती म्हणाली.

"कशी आहे?"

"पहिल्यासारखी. दोन घरं पलीकडे."

घाटात कठड्यापाशी थांबलो. लेकीने नातीला दरी दाखवली. पोरगी झोपलेली होती. लेक दरीत ओरडली, अगदी लहानपणी ओरडायची तशी, आणि परत आलेला आवाज ऐकून नगारा म्हणाला, "हे माझ्यापेक्षा मोठं आहे." सगळे हसलो.

संध्याकाळी घरी पोचलो. मी इंजिन चालूच ठेवलं. ही वाकून सीटखाली चाचपडत होती. "थांबा हो, एकच सापडतेय." थांबलो. मुलगा सामान घ्यायला बाहेर आला आणि दारातच उभा राहिला. म्हणाला, "बंद करा की आता." मी म्हटलं, "दुसरी सापडू दे."

आत्ता बसून हिशेब मांडला. आऱ्यावर सोळाव्या वर्षी उभा राहिलो. बाईंची पंधरा वर्षं पूर्ण धरली, तरी एकतिसाव्या वर्षी वरचे आवाज संपले.

गाडी घेतली तेव्हा मी बावन्न वर्षांचा होतो.